भेग बुजवायची तर आधी ती रुंद करा

पाऊस सरला की बेळगावच्या गल्लीबोळांत रस्त्याच्या भेगांवर डांबराच्या काळ्या रेघा उमटतात आणि पुढच्या वळवाआधीच उलतात. डांबरात भेसळ होती, असा निकाल कट्ट्यावर लागतो. पुष्कळदा डांबर बिचारं निर्दोष असतं. चूक भूमितीची असते.

समजा भेग ५ मिमी रुंद आहे. थंडीत रस्ता आकसतो आणि भेग आणखी २ मिमी उघडते. भराव दोन्ही कडांना चिकटलेला, त्यामुळे त्यालाही तेवढंच ताणावं लागतं: ५ चे ७, म्हणजे ४० टक्के. आता हीच भेग राउटरनं, म्हणजे चर पाडणाऱ्या यंत्रानं, कापून १५ मिमी केली तर रस्ता २ मिमीच हलतो, पण ताण येतो जेमतेम १३ टक्के. चांगला रस्ता कापतात म्हणून लोक ओरडतात, पण भरावाचं आयुष्य त्या कापण्यातच असतं.

भरावाच्या खोलीचंही तसंच. रबर ताणलं की त्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून ते मधे बारीक होतं. रबरबँडची एक बाजू टेबलाला चिकटवून ओढून पाहा: खालून त्याला बारीक होता येत नाही आणि कोपऱ्यात तो सुटतो. तळालाही चिकटलेला भराव असाच फाटतो. म्हणून खोली रुंदीइतकीच ठेवायची. भेग खोल असेल तर भेगेपेक्षा किंचित जाड, उष्णता सोसणारी फोमची दोरी आधी खाली दाबायची.

वडगाव-शहापूरकडच्या काळ्या जमिनीवर दुखणं वेगळं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याच्या कडेनं लांब भेगा पाडते. तिथे गटार तुंबलेलं असेल तर वरून काहीही ओता, उपयोग नाही.

काम थंडीत करावं. भेग कोरडी आणि बऱ्यापैकी उघडी असते. भर उन्हाळ्यात भरली तर भेग मिटलेली असते आणि थंडीत भरावाला सगळाच ताण सोसावा लागतो. आधी माती, गवत खरवडून कॉम्प्रेसरच्या हवेनं भेग साफ करायची. ओल राहिली तर गरम सीलंटखाली (भेगेत ओतायच्या मालाखाली) वाफ होऊन फुगे येतात. रबरमिश्रित सीलंट साधारण १९० अंशांना वापरतात. नेमकं तापमान पिशवीवर छापलेलं असतं. सीलंट तेलाच्या आवरणाच्या भांड्यात तापवायचं. थेट जाळावर रबराच्या साखळ्या तुटतात आणि उरतं ते साधं काळं पाणी. १५ बाय १५ मिमीच्या १०० मीटर चरीला साडेबावीस लिटर माल लागतो. वर थोडी कच भुरभुरली की टायरला चिकटत नाही.

इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, स्वस्त पडतं आणि न तापवता ओतता येतं. पण त्यात ४० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. चॉकलेटी रंग काळा झाला की पाणी सुटू लागलं समजा. पाणी उडालं की पातळी खाली बसते, म्हणून दुसरा हात द्यावाच लागतो. न हलणाऱ्या भेगेला ते चालतं.

मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर मात्र भेगा भरणं म्हणजे पैसे गटारात. खालची खडीच ढिली झालेली असते. तेवढा तुकडा उकरून नवा करावा लागतो. अशाच रस्त्यावर शुभारंभाचा नारळ वाढवतात, हारतुरे होतात. नारळानं खडी घट्ट बसत नाही, आणि कॉम्प्रेसर मात्र त्या दिवशी हटकून आलेला नसतो.

भराव कशामुळे गेला, ते स्क्रूड्रायव्हरनं त्याची पट्टी उचकटून कळतं. पट्टी अख्खी निघाली आणि तिच्या कडांना धूळ असेल, तर सफाई झालीच नव्हती. पट्टीत बारीक पोकळ्या दिसल्या तर भेग ओली होती. आणि दोन्ही कडा घट्ट धरून पट्टी मधोमध फाटली असेल, तर चर अरुंद होती.