गाडी उंच केली, तरी टायर का घासतो?

"दोन इंच लिफ्ट टाका, मग कुठलाही टायर बसतो." ऑफ-रोड गाड्यांच्या गॅरेजमध्ये हे वाक्य फार ठामपणे सांगितलं जातं. थार आणि जिम्नी घेणारे वाढले तसे ते आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. लिफ्ट किटचे, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या लांब स्प्रिंगच्या संचाचे, पैसे मोजून, दणकट टायर चढवून मालक गाडी बाहेर काढतो आणि पहिल्याच यू-टर्नला पुढून खर्रर्र आवाज येतो. मग सल्ला मिळतो की अजून एक इंच उचलू. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकतो हे शाळेतल्या त्रिकोणमितीने दाखवता येतं.

उदाहरणाला जिम्नी घेऊ. मारुतीने जून २०२३ मध्ये भारतात आणलेल्या पाच दारांच्या जिम्नीला १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात. पहिला आकडा रुंदीचा, १९५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६. रिम १५ इंचांची, म्हणजे ३८१. भिंत वर आणि खाली अशी दोनदा मोजायची: ३१२ अधिक ३८१, व्यास ६९३ मिलिमीटर. हौशी मंडळींचा आवडता टायर म्हणजे २३५/७५ आर १५. त्याचा व्यास ७३३.५. त्रिज्या सुमारे २० मिलिमीटरने वाढली आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना रुंदीही २०-२० मिलिमीटरने वाढली.

मोठा टायर लावण्याचं कारण खरं आहे, नुसता दिखावा नाही. जिम्नीला पुढे-मागे सलग एक्सल आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड आडव्या दांड्याने जोडलेलं. स्प्रिंग लांब केल्या की बॉडी वर जाते, पण एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आहे तिथेच राहतो. दगडावर आपटतो तो हाच गोळा. त्याला उचलण्याचा साधा मार्ग एकच, मोठा टायर.

आता लिफ्टकडे येऊ. लांब स्प्रिंगमुळे उभ्या गाडीत टायर आणि चाकाची कमान यांच्यात जागा वाढते. म्हणून गॅरेजमध्ये उभी गाडी पाहून सगळे खूष होतात. पण सस्पेन्शन पूर्ण दाबलं जातं तेव्हा एक्सल किती वर येणार हे स्प्रिंग ठरवत नाही. ते ठरवतो बंप स्टॉप नावाचा रबरी ठोकळा. तो मूळचाच ठेवला, तर दोन इंच लिफ्टनंतरही मोठ्या खड्ड्यात एक्सल पूर्वीइतकाच वर येतो आणि २० मिलिमीटर मोठी त्रिज्या कमानीत घुसते. लिफ्टबरोबर बंप स्टॉपही लांब हवा, ही गोष्ट कितीतरी किटमध्ये विसरलेली असते.

पण यू-टर्नचं घासणं खड्ड्याचं नसतं. ते वळण्याचं असतं, आणि सगळ्यात सुंदर भूमिती इथेच आहे.

पुढचं चाक स्वतःच्या मध्यावर फिरत नाही. ते किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, अक्षाभोवती फिरतं आणि हा अक्ष टायरच्या आतल्या बाजूला असतो. जाड लाकडी दार बिजागरीभोवती फिरतं तेव्हा त्याचा बाहेरचा कोपरा चौकटीला अडकतो, तसाच टायरचा बाहेरचा कोपरा मोठं वर्तुळ काढतो. वरून पाहा. अक्षापासून टायरचा पुढचा टोकबिंदू म्हणजे त्रिज्या R, आणि टायरची बाहेरची कड आडवी y इतकी दूर. चाक θ कोनात आत वळलं की तो कोपरा अक्षाच्या पुढे R cos θ + y sin θ इतका जातो. बंपरला शिवतो तो हाच. गाडी डावीकडे वळवली की उजव्या चाकाचा, उजवीकडे वळवली की डाव्याचा.

या सूत्रात गाडीची उंची कुठेच नाही. R आहे, रुंदी आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मिळून होणारा y आहे, कोन आहे. लिफ्टने बंपर थोडा वर जातो आणि टायरचा वरचा, मागे झुकलेला भाग त्याच्यासमोर येतो. तेवढाच तिचा फायदा, आणि सस्पेन्शन दबलं की तोही जातो.

आकडे घालू. ३० अंशांवर त्रिज्येतल्या सव्वावीस मिलिमीटरमुळे १७.५ आणि रुंदीमुळे १० मिलिमीटर वाढतात. एकूण २७.५. टायरचा खांदा गोलसर असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. आता त्याच चाकाला २५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी चकती, लावला, तर y आणखी २५ ने वाढतो आणि वाढ ४० वर जाते. "रुबाबदार दिसते" म्हणून चाक बाहेर काढणारे घासणं विकत घेतात ते असं.

मग स्पेसर लावतातच का? कारण आतली बाजू. दुसऱ्या अंगाला वळताना त्याच चाकाची मागची आतली कड चासीकडे (गाडीच्या सांगाड्याकडे) आणि एक्सलला धरणाऱ्या दांड्यांकडे जाते. तिथली वाढ R sin θ आणि अर्धी रुंदी गुणिले cos θ यांनी ठरते. मोठ्या टायरने ती सुमारे २७ मिलिमीटर होते. २५ चा स्पेसर लावला की त्यातले सुमारे २१.५ परत मिळतात आणि उरतात जेमतेम सहा. आत वाचवलं की बाहेर घासतं, बाहेर वाचवलं की आत. टायर कुठे घासतो ते न बघता स्पेसर लावणं म्हणूनच निरर्थक.

या सूत्रातली अजून एक गंमत सांगतो. R cos θ + y sin θ ही राशी θ बरोबर वाढतच जात नाही. जिथे tan θ म्हणजे y भागिले R, तिथे ती सर्वांत मोठी होते आणि नंतर कमी होते. y १५० ते १८० मिलिमीटर धरला, तर हा कोन २२ ते २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे कोपरा बंपरच्या सर्वांत जवळ फुल्ल लॉकच्या, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळण्याच्या, थोडा आधी येतो. अर्धं-पाऊण स्टिअरिंग वळवल्यावर घासतं आणि पूर्ण वळवल्यावर आवाज थांबतो, अशी तक्रार ऐकली की चालक गोंधळतात. यात गोंधळण्यासारखं काही नाही, ही या वक्राची माथ्याची जागा आहे. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. स्टिअरिंग स्टॉपचा, म्हणजे चाक किती वळेल ते अडवणारा, बोल्ट थोडा जास्त पुढे आणून कोन ३० वरून २८ अंश केला, तर आतल्या बाजूला सुमारे १० मिलिमीटर मिळतात, पण बंपरच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. वर गाडीला वळायला जास्त जागा लागते, ते वेगळंच.

आता थोडं अवघड. जिम्नीचा पुढचा एक्सल दोन लांब दांड्यांनी धरलेला असतो. दांड्यांची मागची टोकं चासीला, पुढची एक्सलला. बॉडी वर गेली की दांडे जास्त तिरपे होतात आणि एक्सल कंसात खाली व किंचित मागे येतो. समजा दांडा ७०० मिलिमीटरचा आहे आणि त्याचा उतार १०० वरून १५० मिलिमीटर झाला. पायथागोरसने पाहिलं तर एक्सल सुमारे ९ मिलिमीटर मागे सरकतो. उभ्या गाडीत बंपरपुढे जागा दिसते ती त्यामुळेही. पण खड्ड्यात चाक वर येताना दांडे पुन्हा आडवे होतात, म्हणजे चाक वर येतं आणि त्याच वेळी पुढेही. वळण आणि खड्डा एकत्र आले की बंपर फाटतो तो इथे. शिवाय दांड्याबरोबर एक्सल स्वतःभोवती चार-एक अंश फिरतो, किंगपिनचा वरचा भाग पुढे झुकतो, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल, कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग सरळ राहायची सवय सोडतं. त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा बदललेले दांडे लागतात. एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉडही तिरपा होऊन एक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. एकाच अंगाचा टायर घासत असेल, तर आधी तिथे बघा.

"थोडं घासू द्या, टायर आपली जागा करून घेतो" हा दुसरा लाडका समज. टायर आपली जागा ब्रेकचा होज (ब्रेकच्या तेलाची नळी) आणि एबीएसची वायर कापूनही करतो. टायरची बाजूची भिंत तर त्याचा सर्वांत पातळ भाग. नवे टायर चढवल्यावर चाकाखाली लिंबू चिरडण्यावर जितकी काळजी खर्च होते, तिच्यातली थोडी या होजकडे वळवली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लिंबू चिरडायच्या विधीतच एक कोरी गाडी शोरूमच्या पहिल्या मजल्यावरून खाली कोसळली. संरक्षण लिंबाने होत नाही, मोजलेल्या अंतराने होतं.

उपाय जागा पाहून करायचा. पुढच्या एका चाकाखाली रॅम्प किंवा मोठा दगड घेऊन सस्पेन्शन पिळा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हळूहळू पूर्ण वळवा आणि जिथे टायर शिवतो तिथे खडूने खूण करा. खूण बंपरवर आली, तर बंपरची खालची कड कापा आणि आतलं प्लास्टिकचं लायनर हीटगनने तापवून टायरपासून दूर वाकवा. दांड्यावर आली, तर ऑफसेट बदला किंवा स्टॉप सरकवा. वर कमानीत आली, तर बंप स्टॉप वाढवा. आइसलँडमध्ये बर्फावर चालणाऱ्या टोयोटा हायलक्स पिकअपला ३८ इंची टायर लावताना आर्क्टिक ट्रक्स या कंपनीची माणसं चाकाच्या कमानीच कापून मोठ्या करतात आणि वर रुंद फ्लेअर, म्हणजे कमानीबाहेर येणाऱ्या पट्ट्या, बसवतात. नुसती गाडी आकाशात नेत नाहीत, कारण गुरुत्वमध्य वर गेला की आडव्या उतारावर ती उलटायला सोपी होते.

आपल्याकडे गाडीतल्या बदलांबद्दल मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कापाकापीपूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे विचारा. २३५ च्या टायरवर स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवतो, तेही लक्षात ठेवा.

ज्यांना पावसाळ्यात मावळातल्या चिखलवाटा आणि बाकी वर्षभर डांबरच तुडवायचं आहे, त्यांनी २१५/७५ आर १५ चा हिशोब करून पाहावा. त्रिज्या फक्त सव्वापाच मिलिमीटरने वाढते आणि अर्धी रुंदी दहाने. त्याच सूत्राने बंपरकडची वाढ साडेनऊ मिलिमीटर येते, आतली अकरा. एवढ्यासाठी लिफ्टही नको आणि करवतही नको.