इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतातील आकार आणि गती

ध्वनिमुद्रित किंवा विद्युत उपकरणांवर निर्माण केलेल्या ध्वनींवर संस्कार करून लाउडस्पीकरमधून ऐकवल्या जाणाऱ्या संगीतात श्रोत्याला ध्वनीचा आकार व हालचाल कशी जाणवते, हा या नोंदीचा विषय आहे. फ्रेंच संगीतकार प्येर शेफेर यांनी 1948 साली पॅरिसमध्ये आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रणांतून रचना केली, तेव्हापासून वादक न दिसता ऐकणे हा या संगीताचा गाभा ठरला. संगीतकार डेनिस स्मॉली यांनी 1986 साली मांडलेल्या ‘स्पेक्ट्रोमॉर्फॉलॉजी’ या संकल्पनेनुसार ध्वनीचा आकार म्हणजे त्याच्या वर्णपटात, म्हणजे त्यातील खालच्या-वरच्या कंप्रतांच्या घटकांच्या मांडणीत, काळानुसार होणारा बदल होय. आरंभ, टिकाव आणि शेवट या त्याच्या अवस्था.

डग्ग्यावर ‘घे’ वाजवताना मनगटाचा दाब वाढला की स्वर वर सरकतो. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यालाही त्यात हाताचा जोर जाणवतो, कारण ध्वनीमागची शारीरिक कृती ओळखण्याची कानाला सवय असते. तंबोऱ्यात मात्र मूळ स्वर स्थिर राहूनही जवारीमुळे (घोडीवर तार हलकेच घासून कंप पावण्याच्या रचनेमुळे) उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, सतत उजळत-मावळत राहतात. येथे हालचाल आहे, पण प्रवास नाही.

प्रवासाच्या जाणिवेचे उत्तम उदाहरण मुंबईकराच्या रोजच्या ऐकण्यातले आहे. माटुंग्याला न थांबणारी फास्ट लोकल ताशी 80 किलोमीटर वेगाने हॉर्न वाजवीत फलाटावरून गेली, तर येताना व जाताना ऐकू येणाऱ्या स्वरांत साधारण ‘रे’ आणि ‘सा’ एवढे अंतर पडते. शिवाय गाडी जवळ येताना आवाज वाढतो, त्यातील तीक्ष्ण घटक ठळक होतात आणि प्रतिध्वनीचा वाटा घटतो. ही सर्व चिन्हे एकाच स्थिर लाउडस्पीकरमधून ऐकवली, तरी काहीतरी जवळून निघून गेल्याचा भास होतो. म्हणूनच गतीची जाणीव केवळ लाउडस्पीकरच्या मांडणीवर अवलंबून असते, हा समज अपुरा आहे.

अमेरिकी संगीतकार जॉन चाउनिंग यांनी 1971 साली चार लाउडस्पीकरमधील आवाजाचे प्रमाण, डॉपलर परिणाम (लोकलच्या हॉर्नप्रमाणे गतीमुळे स्वर बदलणे) आणि प्रतिध्वनी संगणकाने नियंत्रित करून फिरत्या ध्वनिस्रोताचा आभास निर्माण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन लाउडस्पीकरच्या योजनेत मात्र कडेला बसलेल्या श्रोत्याला जवळच्या लाउडस्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, त्यामुळे डावी-उजवी हालचाल त्याला नीट कळत नाही. ध्वनीचे जवळ येणे आणि दूर जाणे मात्र तेथूनही बऱ्याच अंशी ऐकू येते.