चिकटवणारा आणि चिरणारा ‘क्लीव्ह’

इंग्रजीतलं ‘क्लीव्ह’ हे क्रियापद लाकूड चिरण्यासाठी वापरतात आणि घट्ट चिकटून राहण्यासाठीही. एका शब्दाला दोन उलटे अर्थ फुटले असं वाटतं, पण घडलं ते उलटंच. जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते: ‘क्लेओफान’ म्हणजे चिरणे, ‘क्लिफियान’ म्हणजे चिकटणे. उच्चार झिजत गेले आणि दोघे एकाच रूपावर येऊन थांबले. जोड मात्र अजून दिसतो. ‘क्लोव्ह’, ‘क्लोव्हन’, ‘क्लेफ्ट’ ही रूपं फक्त चिरण्याची. गाईच्या दुभंगलेल्या खुराला म्हणूनच ‘क्लोव्हन हूफ’ म्हणतात. चिकटण्याच्या अर्थाला ‘टू’ किंवा जुनं ‘अन्टू’ लागतं.

‘लेट’चंही तसंच. परवानगी देणारा ‘लेट’ सगळ्यांच्या ओळखीचा. अडवणारा ‘लेट’ आता मोजक्या जागी उरलाय. आपल्या पासपोर्टच्या सुरुवातीची राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचा. तिथल्या ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’मध्ये तोच आहे.

नामापासून बनलेल्या क्रियापदांची गंमत वेगळी. ‘डस्ट’ म्हणजे फडताळावरची धूळ पुसणे, तसंच केकवर पिठीसाखर भुरभुरणे. ‘सीड’ म्हणजे हिरवळीसाठी बी पेरणे, आणि टोमॅटोतल्या बिया काढणेसुद्धा. ती गोष्ट त्या वस्तूत मुळातच असेल तर बहुधा काढायची असते, नसेल तर घालायची. ‘पील’ म्हणजे साल काढणे, ‘बटर’ म्हणजे लोणी लावणे. धूळ आणि बी दोन्हीकडे बसतात, म्हणून गोंधळ. पुढे ‘विथ’ दिसला तर घालण्याचा अर्थ धरावा.

खरा घात होतो तो ‘टेबल’सारख्या शब्दाने, कारण तिथे वाक्य मदतीला येत नाही. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे अधिकारी यावरून बराच वेळ वाद घालत बसले होते. दोघांना तातडीची चर्चाच हवी होती. ही हकिगत चर्चिल यांनीच लिहून ठेवली आहे. आपण ब्रिटिश वळण घेतलं, म्हणून आपल्या विधानसभेत कागदपत्रं ‘पटलावर ठेवतात’. अमेरिकेशी पत्रव्यवहार असेल तर हा शब्द टाळून ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ असं सरळ लिहावं.

मराठीत ही वाट अशुभ टाळण्यातून निघाली. पगार वाढवतात, झाडं वाढवतात आणि नारळही ‘वाढवतात’, म्हणजे फोडतात. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणायचं. इथे अर्थ ठरवतं ते कर्म: पुढे नारळ किंवा बांगडी आली, की वाढवण्याचा अर्थ फिरतो.