मॉर्गन डॉलरची अदलाबदल

अमेरिकी नाणेसंग्राहकांमध्ये रूढ असलेला व्यवहार. आपल्या संचातले कमी प्रतीचे नाणे, शिवाय एखाद-दुसरे दुबार नाणे किंवा वर थोडी रोकड देऊन, त्याच सालाचे आणि त्याच टाकसाळीचे अधिक चांगले नाणे दुसऱ्या संग्राहकाकडून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप असते.

मॉर्गन डॉलर हे चांदीचे नाणे चलनासाठी १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या नक्षीकाराने त्याची छाप घडवली. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के. फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लीन्स, सॅन फ्रान्सिस्को, कार्सन सिटी आणि शेवटच्या वर्षी डेन्व्हर अशा पाच टाकसाळींतून ते निघाले. साल आणि टाकसाळ धरून संच जमवायचा तर शंभराच्या आसपास नाणी लागतात. इतकी नाणी एकदम उत्तम प्रतीची मिळत नाहीत. म्हणून आधी जागा भरायची आणि मग एकेक नाणे बदलत जायचे, ही रीत पडली.

या नाण्यांची दुर्मिळता किती पाडली यापेक्षा किती उरली यावर ठरते. १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातील बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली आणि रुपये पाडण्यासाठी हिंदुस्थानात आली. आपल्या आजी-आजोबांच्या गाठोड्यातल्या एखाद्या रुपयात मॉर्गन डॉलरचा अंश असणे अगदी शक्य आहे. उलट १९०३ चा न्यू ऑर्लीन्स डॉलर अतिदुर्मिळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. १८८४ चा सॅन फ्रान्सिस्को डॉलर वापरलेल्या स्थितीत सहज मिळतो, न वापरलेला मात्र फार थोड्यांकडे आहे. अशा नाण्यात एक पायरी वर चढणे संग्राहकाला वर्षानुवर्षे जमत नाही.

ग्रेड, म्हणजे नाण्याची प्रत, ठरवण्यासाठी १ ते ७० गुणांची मोजपट्टी आहे. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली. पुढे पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या संस्था नाणे तपासून, क्रमांकासह प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देऊ लागल्या. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेल्या संग्राहकांनाही टपालाने अदलाबदल करणे सोपे झाले.

तरीही एमएस-६४ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, न वापरलेले नाणे; पुढचा आकडा गुणांचा) लिहिलेली दोन नाणी सारखी नसतात, आणि अदलाबदलीचे सारे मर्म इथेच आहे. हजार-हजार डॉलर एका थैलीत भरून हलवले जात, तेव्हा नाण्यांवर एकमेकांचे ओरखडे उमटत. ओरखडा नाण्यावरच्या लिबर्टी या स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर असेल तर आधी तोच डोळ्यांत भरतो. केसांत असेल तर लपून जातो. न्यू ऑर्लीन्सच्या कित्येक नाण्यांवर ठसा कमी दाबाने बसलेला असतो, लिबर्टीच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूच्या गरुडाची छाती सपाट दिसते. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्को डॉलर मात्र सहसा रेखीव आणि झळझळीत असतो. जाणता संग्राहक म्हणूनच कधी ग्रेड तीच ठेवून केवळ देखणेपणासाठी नाणे बदलतो, आणि ते योग्यच आहे.

दोन्ही नाण्यांचे मोल एकाच दरपत्रकावरून धरावे. व्यापाऱ्याची खरेदी-विक्रीतली तफावत वाचते, हा दोघांचाही फायदा. दहा सामान्य नाण्यांच्या बदल्यात एक दुर्मिळ नाणे मागितले तर सौदा बहुधा फिसकटतो, कारण बेरीज जुळली तरी ती दहा नाणी खपवायची जबाबदारी समोरच्यावर पडते. याउलट एकाने काढून टाकलेले एमएस-६३ नुकत्याच सुरुवात केलेल्याला बढती ठरते, तिथे सौदा चटकन जमतो.

डब्याही बनावट निघतात. त्यामुळे डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा, नाण्याचे छायाचित्र जुळवावे, टपालाचा विमा उतरवावा आणि नापसंत नाणे परत करण्याची मुदत आधीच ठरवावी. अमेरिकेत समान वस्तूंच्या अदलाबदलीला मिळणारी करसवलत २०१८ पासून स्थावर मालमत्तेपुरतीच उरली आहे. नाणे दिले-घेतले तरी झालेला नफा करपात्र ठरतो, म्हणून मूळ खरेदीची पावती नाण्याइतकीच जपावी लागते.