हायब्रिड मेमरी

वीज जाताच सगळे विसरणारी अस्थायी मेमरी आणि वीज नसतानाही मजकूर जपणारी स्थायी मेमरी, या दोन्ही एकाच यंत्रणेत जोडून केलेली संगणकीय रचना. अस्थायी मेमरीचा वेग मिळावा, स्थायी मेमरीची मोठी जागा मिळावी आणि विजेचा खर्चही आवरावा, असा तिहेरी हेतू त्यामागे असतो. तिन्ही गोष्टी एकदम क्वचितच साधतात.

संगणकाची मुख्य मेमरी पूर्वी विसराळू नव्हती. १९५०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे वापरात असलेल्या कोअर मेमरीत तारांत ओवलेली चुंबकीय कडी असत आणि यंत्र बंद केले तरी त्यांतला मजकूर तसाच राही. १९६६ साली आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना डीरॅम या अस्थायी मेमरीची कल्पना सुचली. १९७० साली इंटेलची ११०३ ही एक किलोबिटची डीरॅम चिप बाजारात आली आणि स्वस्ताईच्या जोरावर तिने कोअर मेमरीला बाजूला सारले. वीज गेली की काम बुडण्याची आजची धास्ती ही त्या स्वस्ताईची किंमत.

डीरॅमच्या प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये साठवलेला भार सतत गळतो. त्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते; चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर ही मुदत निम्म्यावर येते. संगणक रिकामा बसला असला तरी हे पाणी भरणे चालूच. मेमरी जितकी मोठी, तितका हा खर्च मोठा.

स्थायी मेमरीला हा खर्च नाही, पण तिची दुखणी वेगळी. फ्लॅश मेमरीत लिहिण्याआधी अख्खा ब्लॉक, म्हणजे पेशींचा मोठा गट, पुसावा लागतो आणि काही हजार वेळा पुसल्यावर पेशी झिजतात. फेज-चेंज मेमरीत एका मिश्रधातूचा कण तापवून कधी स्फटिकरूप, तर कधी अस्फटिक केला जातो. त्याला वीज लागते, वेळही लागतो. म्हणजे सतत बदलणारा मजकूर चुकून स्थायी भागात जाऊन बसला, तर वाचवलेली वीज लिहिण्यातच संपते. म्हणून हायब्रिड मेमरीत कोणत्या चिपा जोडल्या यापेक्षा कोणता मजकूर कुठे ठेवायचा हे कोण ठरवते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. मिसळणाचा डबा हाताशी आणि वर्षाचे तांदूळ कोठीत, हे स्वयंपाकघरात कुणाला शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र कोणते पान, म्हणजे मजकुराचा कोणता ठरावीक तुकडा, वारंवार लागते, हे मोजत बसावे लागते. २००९ साली आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेल्या एका रचनेत फेज-चेंज मेमरीपुढे तिच्या अवघ्या ३ टक्के आकाराची डीरॅम ठेवली होती. लिहिण्याचा मारा डीरॅमने झेलायचा, म्हणजे मागची मेमरी संथपणाने अडवत नाही आणि लवकर झिजतही नाही.

सर्वांत साधी जोडणी एनव्हीडीआयएमएम-एन या प्रकारात दिसते. एकाच पट्टीवर डीरॅम आणि फ्लॅश, सोबत थोडा वेळ वीज पुरवू शकणारा एक सुपरकपॅसिटर. एरवी संगणक फक्त डीरॅम वापरतो, त्यामुळे वेगात काही उणे पडत नाही. वीज गेली की पट्टी सुपरकपॅसिटरच्या शिलकीवर चालते, डीरॅममधला सगळा मजकूर फ्लॅशवर उतरवते आणि मग झोपी जाते. वीज आल्यावर उलटा प्रवास. यात विजेची बचत जवळपास नाही, सुरक्षितता मात्र भक्कम.

मोठा प्रयोग इंटेल आणि मायक्रॉनचा. २०१५ साली त्यांनी थ्रीडी क्रॉसपॉइंट हे स्थायी मेमरीचे तंत्र जाहीर केले आणि २०१९ साली इंटेलने त्यावर आधारलेल्या, सर्व्हरसाठीच्या १२८, २५६ आणि ५१२ जीबीच्या ऑप्टेन मेमरी पट्ट्या आणल्या. त्या दोन रीतींनी चालत. पहिल्या रीतीत डीरॅम पुढचे कॅश, म्हणजे नेहमी लागणारा मजकूर हाताशी ठेवणारी जागा, बनते आणि संगणकाला केवळ ऑप्टेनची मोठी जागा दिसते. गंमत अशी, की या रीतीत मजकूर टिकतच नाही: तो कूटबद्ध असतो आणि वीज जाताच त्याची किल्ली टाकून दिली जाते. स्थायी चिप मुद्दाम विसराळू केलेली! दुसऱ्या रीतीत मजकूर टिकतो, पण भार प्रोग्रॅमरवर पडतो. ‘लिहिले’ असे प्रोग्रॅमला वाटते तेव्हा तो मजकूर अजून प्रोसेसरच्या कॅशमध्येच असू शकतो. तो बाहेर ढकलण्याची सूचना वेळेवर आणि योग्य क्रमाने दिली नाही, तर वीज गेल्यावर अर्धवट हिशोब मागे उरतो. जुनी सॉफ्टवेअर यासाठी नव्याने लिहावी लागत, आणि तेवढी हौस थोड्यांनाच होती. मायक्रॉन २०२१ साली बाहेर पडली, २०२२ साली इंटेलनेही ऑप्टेन गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

विजेची खरी बचत छोट्या उपकरणांत दिसते. बॅटरीवर चालणारा संवेदक बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकात, थोडी एसरॅम ही जलद अस्थायी मेमरी आणि बाकी एफरॅम ही स्थायी मेमरी असली, तर नोंदी एफरॅममध्ये टाकून वीजपुरवठा पूर्ण तोडता येतो, आणि जाग आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होते. एफरॅम कमी विजेत लिहिते आणि फ्लॅशसारखी झिजत नाही. तिची क्षमता तोकडी असते, पण तापमानाच्या नोंदी ठेवायला फार जागा लागतेच कुठे?