झाकण काढल्याने कॉम्प्युटर थंड राहतो का?

कॉम्प्युटर तापला की कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून ठेवा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो सरसकट खरा नाही. पुढच्या पंख्याने गार हवा आत, मागच्याने गरम हवा बाहेर, हा प्रवाह बंद कॅबिनेटमध्येच नीट चालतो. झाकण काढलं की तो विस्कटतो, शिवाय धूळ बसते ती वेगळीच.

चाचणी म्हणून मात्र झाकण जरूर काढा! तापमान झपाट्याने उतरलं, तर जाळ्या तुंबल्यात किंवा एखादा पंखा बंद वा उलटा आहे. फरकच पडला नाही, तर प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता खेचून घेणारा धातूचा भाग) बघा: धूळ अडकली असेल, तो सैल झाला असेल किंवा खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली असेल. जड कामाच्या वेळी प्रोसेसरचं तापमान ७०-८० अंश सेल्सिअस दिसलं तर घाबरायचं कारण नाही.