‘मिस मॅनर्स’ आणि अमेरिकेचा जुना घोळ

ज्युडिथ मार्टिन यांनी ‘मिस मॅनर्स’ या नावाने शिष्टाचाराचे सदर सुरू केले १९७८ साली. पण ज्या भांडणात त्या उतरल्या, ते तेव्हा पावणेदोनशे वर्षांचे जुने झाले होते. राजेशाही झुगारून दिलेल्या देशात कुणी कुणापुढे किती वाकायचे?

१८०३ साली ब्रिटनचे नवे राजदूत अँथनी मेरी वॉशिंग्टनला आले. झगमगीत गणवेश चढवून ते राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या भेटीला गेले, तर हे गृहस्थ साध्या, विटक्या कपड्यांत आणि टाचा झिजलेल्या सपाता घालून समोर आले. पुढच्या मेजवानीत कहरच झाला. रिवाजाप्रमाणे यजमानाने मिसेस मेरींना हात देऊन जेवणाच्या दालनात न्यायचे. जेफरसननी नेले ते परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांच्या पत्नी डॉली यांना. राजदूतसाहेब एका खुर्चीकडे वळले, तोच काँग्रेसच्या एका सदस्याने मध्ये घुसून ती पटकावली. वर ब्रिटन ज्यांच्याशी लढत होते त्या फ्रान्सच्या प्रतिनिधीलाही त्याच जेवणाचे आमंत्रण! मेरींनी लंडनला रागारागाने पत्रे धाडली. यावर जेफरसनच्या सरकारने नियमच लिहून काढला: मानपान नाही, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने बसावे. तत्त्व उदात्त खरे, पण पाहुण्याला धक्काबुक्की करून जेवायला लावण्यात कसली आली समता?

लोकांना मात्र नियम हवेच होते. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पोरवयात सभ्य वागण्याचे ११० नियम वहीत उतरवून घेतले होते, आणि त्यांचे मूळ होते फ्रान्समधल्या जेझुइट पाद्र्यांकडे. एकोणिसाव्या शतकात अशा पुस्तिकांचे पीकच आले. १९२२ साली एमिली पोस्ट यांचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि तडाखेबंद खपला. नव्याने पैसा हाती आलेल्यांना जुन्या घराण्यांसारखे दिसायचे होते, ही त्यामागची खरी भूक. पोस्टबाईंनी ‘मिसेस वर्ल्डली’सारखी पात्रे रंगवली, त्यामुळे पुस्तक वाचनीय झाले. तरी एकूण सूर ‘चांगल्या घरातले लोक असे वागतात’ हाच. एमी व्हँडरबिल्ट यांनी १९५२ मध्ये तीच परंपरा पुढे नेली.

मग साठीचे दशक आले. मनात येईल ते तोंडावर बोलणे म्हणजे प्रामाणिकपणा आणि शिष्टाचार म्हणजे ढोंग, असा तरुणांचा हिशेब झाला. शिष्टाचाराच्या नावाने कुणी लिहायला बसावे, असे ते दिवस नव्हते.

मार्टिन यांची तयारी या काळात वेगळ्याच ठिकाणी चालली होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी त्या व्हाइट हाउस आणि दूतावासांतल्या मेजवान्यांच्या बातम्या देत, पुढे नाटक-सिनेमांची समीक्षाही केली. जीभ अशी तिखट की चोवीस वर्षांची बाई आइस्क्रीमच्या कोनासारखे कपडे घालून हिंडली तर नीटनेटकेपणाच बदनाम होतो, असे त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मुलीबद्दल लिहिले. १९७१ साली त्या मुलीच्या लग्नाचे वार्तांकन करायला व्हाइट हाउसने त्यांना मज्जाव केला. शिष्टाचाराच्या भावी अधिकारी व्यक्तीसाठी ही पात्रता विचित्रच म्हणायची!

सदरात त्यांनी व्हिक्टोरियन थाटाची एक करारी बाई उभी केली. ती स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करते आणि पत्रलेखकाला ‘जंटल रीडर’ म्हणते. या सोंगामुळे उपदेशातला उद्धटपणा निघून गेला. जुनाटपणाची थट्टा लेखिका आधीच करून मोकळी झालेली. एकाने विचारले, समलिंगी जोडप्याशी ओळख करून दिली तर काय म्हणायचे? उत्तर एवढेच: ‘हाउ डू यू डू? हाउ डू यू डू?’ म्हणजे दोघांना एकेकदा. आजही वाद पेटेल अशा विषयावर त्यांनी ना भाषण दिले, ना फटकारले. विचारणाऱ्याचा पूर्वग्रह तेवढा उघडा पडला.

माझ्या मते त्यांचे खरे काम यात आहे. काटे-चमचे त्यांच्या लेखी किरकोळ. दुसऱ्याचा असभ्यपणा चारचौघांत दाखवून देणे हाही असभ्यपणाच, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. शिष्टाचाराची काठी करून मिरवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे १९८५ साली पुस्तक निघाले, तेव्हा मिस्टर जेफरसन यांना न सुटलेला प्रश्न मिस मॅनर्स सोडवते, असा दावा त्यांनी थेट शीर्षकातच ठोकला. पुढे अमेरिकी शिष्टाचारावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. समान माणसांनाही एकमेकांशी वागायच्या रीती लागतातच, फक्त त्या दर्जा दाखवण्यासाठी नसाव्यात, ही त्यांची भूमिका.

२००५ साली त्यांना राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळाले. आता निकोलस आणि जॅकोबिना ही त्यांची मुलेही सदराच्या लेखनात आहेत. पाहुण्यांकडे आहेराची यादी सरकवणाऱ्या वधूवरांवरचा मिस मॅनर्सचा राग मात्र तसूभरही कमी झालेला नाही.